ॲम्ब्रोजच्या जन्माची पोर्ट

९ जानेवारी १८८२

आज सकाळी माझा मुलगा कोटाला निळी फीत लावून दुकानात आला. दारू सोडण्याची शपथ घेतलेले लोक ही फीत लावतात. चॅपलच्या, म्हणजे आमच्या चर्चपासून फुटलेल्या कडक पंथाच्या, सभांमध्ये ती वाटतात म्हणे. गावात हल्ली कोळी, हमाल, गाडीवान कितीतरी जण ती मिरवतात, आणि मिरवोत बापडे. पण हा लोव्हिक आहे. ब्रॅनस्टोकच्या बंदरात शंभर वर्षं वाईन विकणाऱ्या घराण्याचा एकुलता एक उरलेला वारस.

"हे काय सोंग?" मी विचारलं.

"शपथ घेतली, बाबा. काल."

"कसली?"

"एक थेंबही न पिण्याची."

"आणि विकायचं काय? तेही पाप झालं का आता?"

"विकण्याबद्दल मी काहीच म्हटलेलं नाही."

तेवढ्यात आमच्या चर्चचे आर्चडीकनसाहेब त्यांची शेरी वाईन सांगायला आत आले. त्यांनी फितीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "लोव्हिक, उद्या तुमचा खाटीक नुसता पालाच खायला लागेल हो!" दुकानातले सगळे हसले. मीही हसलो. आतून मात्र पेटलो होतो.

हा सगळा सुनेचा, केझियाचा उद्योग. तिचा बाप लाकडाच्या वखारीचा मालक. चॅपलचा खंदा माणूस, रविवारी घरात चूलही धड पेटू देत नाही. लग्नाच्या वेळीच मी बायकोला, सुझॅनाला म्हणालो होतो, ही मुलगी आपल्या टेबलावर पाण्याचा जग आणेल. सुझॅना हसली होती. आज ती असती तर तिच्याशी बोललो असतो. ती गेल्यापासून मी या वहीतच काय ते बोलतो.

१५ जानेवारी, रविवार

येत्या जूनमध्ये पेढीला शंभर वर्षं पूर्ण होतील. मोठं जेवण द्यायचं ठरवलं आहे. भाषण मलाच करावं लागणार, म्हणून आज चर्चहून आल्यावर घराण्याची हकिकत मनाशी जुळवत बसलो.

आजोबा जेबेझ लोव्हिक एका मासेमारी होडीतून क्लॅरेट या तांबड्या वाईनचं पिंप घेऊन या धक्क्यावर उतरले. त्या पिंपाला जकातदाराने पाहिलं नव्हतं, पण ते भाषणात नको. वडिलांनी दगडी तळघरं बांधली, पोर्ट वाईन जिथून येते त्या ओपोर्तोशी थेट व्यवहार सुरू केला. एक्कावन्नाव्या वर्षी काविळीने गेले. आमच्या घराण्यात यकृत नाजूक. भाऊ सेप्टिमस तळघराच्या जिन्यावरून पडला. पायऱ्या ओल्या होत्या. माझा थोरला रूबेन पोटात पाणी होऊन गेला, सव्विसाव्या वर्षी. तळघरातली दमट हवा त्याला बाधली असावी. मधला तर पाळण्यातच गेला होता.

मी मात्र ठणठणीत. दुपारच्या जेवणाबरोबर एक बाटली, रात्रीच्या जेवणाबरोबर एक, गेली चाळीस वर्षं. कधी डोकंसुद्धा दुखलं नाही.

भाषणात मरणं फार झाली तर पाहुण्यांची भूक मरेल. आजोबांवर भर द्यावा हे बरं.

३ फेब्रुवारी

न्याय सोडू नये. ॲम्ब्रोज काम चोख करतो आहे. गेली दोन वर्षं सकाळच्या वेळी त्याचे हात इतके थरथरायचे की पेन धरवत नसे. गारठ्याने सांधे धरले असतील असं मी समजत होतो. आता हात स्थिर झालेत. तोंडावर रंग आलाय. यंदाचा हिवाळा सौम्य आहे.

ट्विडी म्हणाला, "मालक, धाकटे मालक आता बूच ठोकताना बाटली फोडत नाहीत." ट्विडी आमचा तळघराचा जुना माणूस. माझ्या वडिलांच्या हाताखाली लागला, तेव्हापासून खालीच आहे. एवढं बोलून तो उगाच घुटमळला, जणू आणखी काही सांगायचं होतं. मी घाईत होतो.

दुपारी ॲम्ब्रोजने एक विनंती केली. "बाबा, मला वरचं दुकान द्या, बंदरावरची कामं द्या, गिऱ्हाइकांकडे पाठवा. तळघरात तेवढं पाठवू नका."

"वाईनच्या व्यापाऱ्याने तळघरात उतरायचं नाही?"

"मला तिथे नको वाटतं."

"अरे, तिथेच तर तू वाढलास!"

"हो," तो म्हणाला. "तेच."

ग्रामर स्कूलमध्ये घालून हे उत्तर मिळालं. मी म्हटलं, उन्हाळ्यापर्यंत बघू.

२१ मार्च

केझिया आली होती. नातवाला, टोबीला बरोबर आणलं नव्हतं, तेव्हाच ओळखलं की भांडायला आली. तशी ती आवाज कधी चढवत नाही. तोच तर राग येतो.

"बाबा, मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही."

"माग."

"त्या जूनच्या जेवणाला ॲम्ब्रोजना बोलावू नका."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "पेढीच्या शंभराव्या वर्षी पेढीचा वारस घरी बसणार?"

"आजारी आहेत म्हणून सांगा."

"तो आजारी नाही. तीस वर्षांत इतका धडधाकट दिसला नव्हता."

"हो ना," ती म्हणाली, आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पुढे काहीतरी बोलावं. काय बोलायचं? मी तिला सांगितलं, तुमच्या चॅपलने माझ्या मुलाच्या पेल्यावर हात ठेवला ते मी सोसलं, त्याची खुर्ची काढू देणार नाही. तिने हातमोजे घातले. दारापाशी थांबून म्हणाली, "चॅपलचा यात काही संबंध नाही, बाबा." आणि गेली.

खोटं बोलायची सवय तिला नसावी. कान लाल झाले होते.

३० एप्रिल, रविवार

चर्चनंतर धक्क्यावर फिरायला गेलो. भरती होती. लांबून पाहिलं तर कोणी माणूस पोराला खांद्यावर घेऊन जाळ्यांच्या ढिगांमधून घोड्यासारखा उधळतोय. जवळ गेलो तर ॲम्ब्रोज आणि टोबी. ॲम्ब्रोजची टोपी पडली होती, केस विस्कटले होते, आणि तो इतका हसत होता की त्याला उभं राहवेना.

"आजोबा, घोडा दमला!" टोबी ओरडला.

"घोड्याला ओट घाला," मी म्हणालो.

ॲम्ब्रोजने एकदम माझ्या खांद्यावर हात टाकला. लहानपणानंतर पहिल्यांदाच. तसेच तिघे धक्क्याच्या टोकापर्यंत गेलो. शिंपले उकडणाऱ्या बाईकडून शिंपले घेतले, व्हिनेगर घालून उभ्या उभ्या खाल्ले. टोबीने माझ्या विजारीला बोटं पुसली.

घरी येताना मनात आलं, फीत लावून जर हा असा हसत असेल तर... पण ते आलं आणि गेलं. माणूस उन्हाळ्याच्या तोंडावर हसतोच.

२६ मे

ओपोर्तोहून दलालाचं पत्र आलं. तिथल्या द्राक्षमळ्यांत कीड पसरतेच आहे, डोंगरच्या डोंगर उघडे पडलेत. वर आता किराणावालेही परवाना घेऊन साबणाशेजारी क्लॅरेट विकतात. अशा दिवसांत पेढीने जरा दिमाख दाखवायला हवा. जेवणाची तयारी जोरात सुरू केली.

ॲम्ब्रोज जन्मला त्या एक्कावन्न सालची पोर्ट मी त्याच्या नावाने तळघरात मुरायला लावून ठेवली होती, मुलगा झाला की आमच्यात सगळे बाप लावतात तशी. त्याच्या लग्नात थोडी काढली, बाकी तशीच आहे. ती या जेवणात काढणार. ट्विडीला म्हटलं, जपून वर आण, गाळ हलवू नकोस. तो म्हणाला, "ती आणखी थांबली असती, मालक." मी म्हटलं, एकतीस वर्षं थांबली, आता पुरे.

२५ जून, रविवार

काल जेवण झालं. आज दिवसभर लोक अभिनंदनाला येत होते. सगळं नीट लिहून ठेवतो, म्हातारपणी वाचीन.

नगरभवनात टेबलं लावली होती. महापौर, आर्चडीकन, नॉरिचचे दोन व्यापारी, बंदराचे अधिकारी. कासवाचं सूप, सामन मासा, मेंढ्याचा भाजलेला मागचा पाय. माझं भाषण झालं. आजोबांच्या होडीवर खूप हशा पिकला. मग एक्कावन्नची पोर्ट फिरली. काय तिचा रंग! विटेसारखा, कडेला सोनेरी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

ॲम्ब्रोजसमोर पाण्याचा पेला होता. मी उभा राहून म्हणालो, "मंडळी, ही पोर्ट आणि माझा मुलगा एका वर्षाचे. दोघांची गाठ घालून द्यायची परवानगी द्या." सगळ्यांनी टेबलं वाजवली. मी स्वतः जाऊन त्याचा पेला भरला.

तो हळू म्हणाला, "बाबा, नको."

"एक घोट. पेढीसाठी."

"बाबा, मी पाया पडतो तुमच्या. इथे नको."

आर्चडीकन ओरडले, "अरे, अंगठाभर पोर्टने माणूस बुडत नाही, पी!" पुन्हा हशा. मी त्याच्या कानाशी वाकून म्हणालो, "तुझ्या आईने ही लावताना माझ्यासाठी मेणबत्ती धरली होती. तिच्यासाठी तरी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला नीट लिहिता येत नाही. रागाची नव्हती. लहान मुलाला डॉक्टरकडे नेताना ते आपल्याकडे बघतं, तशी काहीशी. मग त्याने पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. अशी पोर्ट तशी पितात का? पण लोक जागेवरून उठून टाळ्या वाजवत होते. मी त्याला मिठी मारली. तो थरथरत होता. भावना अनावर झाल्या असणार.

नंतर त्याने आणखी घेतली, आपल्या हाताने.

माझा मुलगा मला परत मिळाला.

१० जुलै

ॲम्ब्रोज आपणहून तळघराची किल्ली मागायला आला. फीत नव्हती. मी काही बोललो नाही, फक्त किल्ली दिली. सांगितलं नव्हतं मी, हे खूळ फार टिकणार नाही?

२ ऑगस्ट

ॲम्ब्रोज दुपारी जरा झोपून होता, खाली पोत्यांवर. ऊन फार आहे. ट्विडी विचारत होता, किल्ली परत घेऊ का. मी त्याला झापलं. मालकाच्या मुलाकडून किल्ली घेणारा तू कोण?

१४ सप्टेंबर

केझिया टोबीला घेऊन बापाकडे निघून गेली. नवऱ्याला सोडून! ॲम्ब्रोज आपली बॅग घेऊन माझ्याकडे आला, जुन्या खोलीत. दाढी वाढलेली, कपाळावर खोक. "दारावर आपटलो," म्हणाला. मी विचारलं, तिने काय म्हटलं? तो म्हणाला, "तिने काहीच म्हटलं नाही, बाबा. टोबी घाबरला. टोबी मला घाबरला."

"पोरं घाबरतात."

"ती नीट वागली. तिला बोल लावू नका."

इतकं होऊनही तिचीच बाजू. मी त्याच्यासाठी भाजलेलं बदक करवलं होतं, पण तो जेवला नाही. नुसतंच पीत बसलो दोघं. बऱ्याच वर्षांनी बाप-लेक असे बसलो. मला बरं वाटलं, हे लिहिताना लाज वाटत नाही.

२० ऑक्टोबर

त्याचे डोळे पिवळे दिसतात. म्हटलं ना, आमच्या घराण्यात यकृत. मागल्या आठवड्यात डॉक्टर पेलिंग येऊन गेले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताबडतोब बंद करा, आणि तरीही मी काही वचन देत नाही." मी विचारलं, काय बंद करा? ते म्हणाले, "दारू, लोव्हिक."

ते गेल्यावर मी ॲम्ब्रोजच्या खोलीतून सगळं काढलं. तिसऱ्या दिवशी तो इतका कापायला लागला, भिंतीवर उंदीर दिसतात म्हणून किंचाळायला लागला, की मला बघवेना. मीच त्याला ब्रँडी पाजली. चमच्याने, लहानपणी औषध पाजत होतो तशी. तो शांत झाला. माझा हात धरून झोपला.

मी काय करायला हवं होतं? कोणी सांगेल का?

६ नोव्हेंबर

केझियाला निरोप धाडला. ती लगेच आली. मी खोलीबाहेर थांबलो. आतून तिचा आवाज येत होता, काहीतरी वाचून दाखवत असावी किंवा नुसती बोलत असावी. एकदा तो हसलासुद्धा. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "टोबीला आणू नका म्हणतात."

"मी समजावतो."

"नका समजावू," ती म्हणाली. "या वेळी त्यांचं ऐका."

११ नोव्हेंबर

गेला. सकाळी, उजाडताना.

१९ नोव्हेंबर

लोक येतात. आर्चडीकन आले होते, म्हणाले, कोवळं वय, देवाची इच्छा. मी त्यांना शेरी विचारली आणि मग बाटली उघडता येईना. ट्विडीने उघडून दिली.

३ डिसेंबर, रविवार

वखारवाल्यांच्या घरी गेलो. जाताना मनाशी ठरवलं होतं, केझियाला म्हणायचं, जे झालं ते झालं, टोबी आता लोव्हिकांचा शेवटचा. थोडा मोठा झाला की माझ्याकडे पाठव, मी त्याला सगळं शिकवीन, सगळं त्याच्या नावे करीन.

तिने पूर्ण ऐकून घेतलं. शिवण मांडीवर होतं, ते बाजूला ठेवलं.

"नाही, मिस्टर लोव्हिक."

बाबा नाही. मिस्टर लोव्हिक.

"तुझ्या चॅपलने आधी मुलगा नेला, आता नातू—"

"चॅपलमध्ये ते चारदा आले असतील. त्यातले दोनदा झोपले." तिला हसू आलं, आणि मग ओठ वाकडे झाले. "आमच्या लग्नाच्या आधीपासून ते पीत होते. सकाळी उठल्याबरोबर लागायचं. बुटात बाटल्या, टोबीच्या पाळण्याखाली बाटल्या. शपथ मी नाही घ्यायला लावली. टोबी एकदा त्यांच्या हातून पडला, म्हणून त्यांनी घेतली. पाच महिने निभावली. ते पाच महिने कसे काढले, ते मी पाहिलंय."

"मग मला का नाही सांगितलं? मी बाप होतो त्याचा!"

"मी म्हणत होते, सांगा. रोज म्हणत होते." ती आता माझ्याकडे बघत नव्हती. "ते म्हणाले, केझिया, त्यांना कसं सांगू? माझं कळलं की त्यांना रूबेनचं कळेल. काकांचं कळेल, आजोबांचं कळेल. मग त्यांनी आयुष्यभर काय केलं, असं वाटेल त्यांना? त्यापेक्षा त्यांना चॅपलला शिव्या देऊ दे. ते त्यांना सोसेल."

मी म्हणालो, "आमच्या घराण्यात यकृत—"

ती उठली आणि माझ्यासमोर चहा ठेवला. मी तो प्यालो की नाही, आठवत नाही. निघताना एवढंच विचारलं की टोबीला बघायला येऊ का. तिने माझा कप उचलला. म्हणाली, "रविवारी या. चहाच्या वेळेला. त्याला कुठे न्यायचं नाही, काही द्यायचं नाही."

मी म्हटलं, नाही देणार.

९ डिसेंबर

जेवणाच्या टेबलावर एकटा बसलो होतो. समोर नेहमीची बाटली. रूबेन बसायचा ती खुर्ची, सेप्टिमस बसायचा ती, वडिलांची, ॲम्ब्रोजची. या सगळ्यांचे पेले मीच भरत आलो. हौसेने भरत आलो. कोणाचा पेला रिकामा राहिला तर मला यजमान म्हणून कमीपणा वाटायचा.

बाटली परत पाठवायची असं ठरवलं. मग म्हटलं, आजच्या दिवस.

१७ डिसेंबर, रविवार

आज टोबीला भेटून आलो.

सकाळपासून हेच मनात येत होतं: पोरगं मला ओळखेल का, घाबरेल का, बापाचं काही विचारेल का. निघताना धीर यावा म्हणून एक पेला घेतला. एकच. मग रस्त्याने थंडी फार होती.

केझियाने दार उघडलं. शेगडीपाशी टोबी लाकडी ठोकळ्यांचं जहाज रचत बसला होता. मला बघून उठला नाही. थोडा वेळ नुसता न्याहाळत राहिला. मी खुर्चीत बसलो. जहाजावर कोण कोण आहे, असं विचारलं. त्याने सांगितलं, एक कप्तान आणि एक मांजर.

मग तो हळूच जवळ आला, माझ्या गुडघ्यावर चढला. मी अंग चोरून बसलो होतो, पोराला माझं ओझं वाटू नये म्हणून. त्याने माझ्या कोटात नाक खुपसलं. जोरात श्वास घेतला. पुन्हा घेतला. आणि आईकडे वळून आनंदाने म्हणाला, "आई, आजोबांच्या अंगाला बाबांचा वास येतो!"

केझिया किटली घेऊन उभी होती. ती खिडकीकडे वळली.

मला उठून जायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण त्याने दोन्ही हातांनी माझा कोट धरला होता, डोळे मिटून घेतले होते, आणि तो सोडत नव्हता.